दुर्मीळ क्षय, विखुरलेले कण: प्रायोगिक केंद्रकभौतिकीत येऊ पाहणाऱ्यांसाठी

१९८४ साली ऑक्सफर्डच्या रोझ आणि जोन्स या दोघांनी एक निकाल प्रसिद्ध केला. रेडियम-२२३ चं केंद्रक अल्फा कण बाहेर टाकतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांनी दाखवलं की फार क्वचित, साधारण एक अब्ज अल्फांमागे एकदा, त्याच केंद्रकातून कार्बन-१४ चं अख्खं केंद्रक बाहेर पडतं. प्रयोग १८९ दिवस चालला आणि त्यात कार्बन-१४ च्या ११ नोंदी मिळाल्या. एवढ्या नोंदींवर किरणोत्साराचा एक नवा प्रकार जगाने मान्य केला.

अकरा नोंदी पुरल्या कशा, हे नीट समजून घेतलं की या क्षेत्रातलं निम्मं काम समजलं. कार्बन-१४ बाहेर पडतो तो सुमारे ३० एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट, ऊर्जेचं एकक) ऊर्जा घेऊन. स्रोतातले अल्फा साधारण ५ ते ७ एमईव्हीचे. म्हणजे ३० च्या आसपास दुसरं काही दिसायलाच नको. पण अल्फांची संख्या अफाट. त्यातले चार-पाच अगदी एकाच क्षणी डिटेक्टरवर आले तर त्यांची बेरीज ३० भरते आणि खोटा कार्बन नोंदला जातो. त्यावर उपाय म्हणजे एकामागे एक असे दोन सिलिकॉन डिटेक्टर. पहिला पातळ, त्यातून जाताना कण थोडी ऊर्जा सोडतो. दुसरा जाड, उरलेली सगळी तिथे जमा होते. दोन आकड्यांच्या जोडीवरून कण कोणता ते ओळखता येतं. आणि स्रोत हवा तेवढा तीव्र घेऊनही चालत नाही, कारण दर वाढवला की या खोट्या बेरजा त्याहून कितीतरी झपाट्याने वाढतात. मग उरतो एकच मार्ग, दिवसच्या दिवस मोजत राहण्याचा.

एम.एस्सी.च्या मुलामुलींशी बोलताना मी हा प्रयोग आधी सांगते. ज्यांना 'इतके दिवस घालवून अकराच?' असं वाटतं, त्यांच्यासाठी भौतिकीत इतर सुंदर शाखा आहेत. ज्यांच्या मनात 'पण ते अकराच्या अकरा खरे होते हे त्यांनी कसं ठरवलं?' हा प्रश्न येतो, त्यांच्यासाठी पुढचं सगळं लिहिते आहे. दुर्मीळ घटना शोधणाऱ्याचा बहुतेक वेळ त्या घटनेवर जात नाही, तिच्यासारखं दिसणाऱ्या बाकी सगळ्या गोष्टींचा हिशेब लावण्यात जातो. या हिशेबाची गोडी लागली तरच इथे वर्षं काढता येतात. मला ती लागली, आणि आजही एखाद्या स्पेक्ट्रममधली, म्हणजे ऊर्जेनुसार मोजणीच्या आलेखातली, अनोळखी पीक (टोकदार उंचवटा) ओळखू आली की दिवस सार्थकी लागतो.

मुंबईत झालेला एक प्रयोग

केंद्रक काही फेमटोमीटरचं (एक फेमटोमीटर म्हणजे १० चा उणे १५ वा घात मीटर). ते कोणत्याही सूक्ष्मदर्शकाने दिसत नाही. त्याची रचना कळायला दोन वाटा आहेत. एक, त्यावर काहीतरी आदळवायचं आणि ते कुठल्या कोनात, किती ऊर्जेने विखुरतं ते पाहायचं. दुसरी, ते स्वतःहून कसं मोडतं किंवा उत्तेजित अवस्थेतून खाली कसं येतं ते पाहायचं. या दुसऱ्या वाटेत नेहमीचा, ठळक क्षय पुष्कळदा फक्त ऊर्जेची आणि अडथळ्याची गोष्ट सांगतो. आतली मांडणी कळते ती एखाद्या अगदी बारीक फाट्यातून.

याचं माझं आवडतं उदाहरण आपल्याच मुंबईतलं आहे. बेरिलियम-८ हे केंद्रक म्हणजे एकमेकांना जेमतेम चिकटलेले दोन अल्फा कण. ते डंबेलसारखं लांबुळकं असून स्वतःभोवती फिरतं, असं चित्र कित्येक दशकं मांडलं जात होतं. या फिरण्याच्या पायऱ्या, म्हणजे ऊर्जेच्या पातळ्या, माहीत होत्या (आकडा फिरकीचा, + हे पॅरिटीचं चिन्ह): तळाची ०+, मग सुमारे ३ एमईव्हीवर २+, मग साधारण ११.४ एमईव्हीवर ४+. अडचण अशी, की ४+ ही अवस्था १० चा उणे २२ वा घात सेकंद एवढ्यात दोन अल्फांत फुटून जाते. पण चित्र खरं असेल, तर साधारण एक कोटीत एकदा ती फुटण्याआधी ८ एमईव्हीच्या वर ऊर्जेचा गॅमा किरण टाकून २+ वर उतरली पाहिजे. किती वेळा उतरते, यावरून केंद्रकातला विद्युतभार किती लांबवर पसरला आहे ते कळतं.

भाभा अणुसंशोधन केंद्र आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था, म्हणजे बीएआरसी आणि टीआयएफआर, इथल्या गटाने तो गॅमा किरण कुलाब्याच्या पेलेट्रॉन या त्वरकावर (कणांना वेग देणाऱ्या यंत्रावर) पकडला. पहिला निकाल २००५ चा, जास्त अचूक असा दुसरा २०१३ चा. बीम, म्हणजे आदळवायचा झोत, अल्फा कणांचा आणि तो ज्यावर आदळवायचा ते टार्गेटही हेलियमचंच, म्हणजे वायू. दोन अल्फा एकत्र येऊन क्षणभर बेरिलियम-८ होतं, गॅमा सुटतो आणि उरलेलं केंद्रक पुन्हा दोन अल्फांत फुटतं. तिन्ही गोष्टी एकाच वेळी दिसल्या पाहिजेत: एक गॅमा, दोन अल्फा, आणि तिघांच्या ऊर्जेची बेरीज जमली पाहिजे. शत्रू कोण? अल्फावर अल्फाचं साधं प्रकीर्णन (आदळून विखुरणं), जे प्रचंड प्रमाणात होत असतं, आणि त्याच क्षणी भिंतीकडून, बीम पाइपकडून किंवा वायूच्या कोठडीच्या खिडकीकडून आलेला एखादा भटका गॅमा. अशा गर्दीतून १०० नॅनोबार्नच्या घरातली (बार्न हे घटनेच्या संभाव्यतेचं एकक, नॅनोबार्न त्याचा अब्जावा भाग) घटना वेगळी काढायची. पहिल्यांदा हे निबंध वाचले तेव्हा मी आकृत्यांपेक्षा जास्त वेळ प्रायोगिक मांडणीच्या परिच्छेदांवर थांबले होते. तुम्हीही तसंच वाचा. निकालाचं वाक्य एक ओळीचं असतं. विद्या मांडणीच्या परिच्छेदात असते.

जुनं म्हणून एखादं मोजमाप संपलं, असंही समजू नका. कार्बन-१२ ची ७.६५ एमईव्हीवरची अवस्था घ्या. ताऱ्यांत कार्बन तयार व्हायचा तर ती असलीच पाहिजे, हे हॉयल यांनी १९५३ मध्ये सुचवलं आणि ती तिथे सापडली. ही अवस्था जवळजवळ नेहमी तीन अल्फांत फुटते. दहा हजारांत चारेक वेळा मात्र टिकाऊ कार्बनमध्ये उतरते. विश्वातला बहुतेक कार्बन या चारांतून आलेला आहे. हा आकडा पुस्तकांतून ठरलेला मानला जात होता. २०२० मध्ये एका गटाने जवळपास दीडपट मोठी किंमत मोजली, आणि लगोलग अनेक प्रयोगशाळांनी तेच काम पुन्हा हाती घेतलं. नंतरच्या मोजमापांचा कौल जुन्या किमतीकडे गेला आहे. त्यात काम केलेल्या तरुण मुलांना पीएच.डी.साठी याहून चांगला विषय मिळाला नसता.

प्रकीर्णन: बहुतेकांची सुरुवात इथून होते

गायगर-मार्सडेन आणि रदरफर्ड बारावीपासून परिचयाचे आहेत, त्यामुळे तिथे थांबत नाही. नव्याने आलेल्या विद्यार्थ्याला पहिलं काम मिळतं ते बहुधा स्थितिस्थापक प्रकीर्णनाचं, म्हणजे कुणाचीही आतली अवस्था न बदलता नुसतं विखुरण्याचं: प्रत्येक कोनावर किती कण आले ते मोजायचं, रदरफर्डच्या सूत्राने भागायचं आणि आलेख काढायचा. लहान कोनांवर गुणोत्तर १ असतं. पुढे एका कोनापासून ते कोसळतं, कारण तिथून पुढचे कण केंद्रकाला प्रत्यक्ष शिवून येतात. लिथियम-६, लिथियम-७ आणि बेरिलियम-९ यांसारख्या सैल बांधणीच्या केंद्रकांवर मुंबईत पुष्कळ काम झालं आहे. लिथियम-६ जेमतेम १.४७ एमईव्हीत अल्फा आणि ड्यूटेरॉनमध्ये फुटतं. त्यामुळे टार्गेटजवळ जातानाच ते मोडणार की अख्खं राहणार, याचा परिणाम त्या साध्या दिसणाऱ्या आलेखावर उमटतो.

साधं दिसणारं, असं मुद्दाम म्हणते. रदरफर्डच्या सूत्रात अर्ध्या कोनाच्या साइनचा चौथा घात छेदात आहे. २० अंशांवर बीम एक अंशाने सरकला तर काउंट्समध्ये जवळपास २० टक्क्यांचा फरक पडतो. म्हणून बीमच्या दोन्ही बाजूंना सारख्या कोनांवर मॉनिटर डिटेक्टर लावतात. एकीकडे वाढलं की दुसरीकडे घटतं आणि सरासरी टिकून राहते. हे गणित कागदावर स्वतः करून पाहा. मुलाखतीत हा प्रश्न येतो म्हणून म्हणत नाही, जरी तो येऊ शकतो. असं एक गणित स्वतः केलं की प्रयोगातली प्रत्येक वस्तू जिथे आहे तिथे का आहे, हे विचारायची सवय लागते.

या वाटेच्या दुसऱ्या टोकाला काय चालतं तेही माहीत असू द्या. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या जेफरसन लॅबमध्ये शिशाच्या केंद्रकावर इलेक्ट्रॉन विखुरले, एकदा डाव्या फिरकीचे, एकदा उजव्या. दोन्हींच्या दरांतला फरक एक अब्जात सुमारे ५५० भाग एवढाच. त्यावरून २०२१ मध्ये त्यांनी सांगितलं की शिसे-२०८ मध्ये न्यूट्रॉनांचा पसारा प्रोटॉनांपेक्षा सुमारे ०.२८ फेमटोमीटरने बाहेर जातो. या आकड्याचा संबंध थेट न्यूट्रॉन ताऱ्याच्या आकाराशी लागतो. प्रकीर्णन ही शंभर वर्षांपूर्वीची पद्धत आहे असं कुणी म्हणालं तर हे उदाहरण द्यावं.

बीम टाइम

पेलेट्रॉन कुलाब्यात टीआयएफआरच्या आवारात, समुद्राला लागून उभा आहे. १९८८ च्या अखेरीपासून तो चालू आहे आणि त्याच्या मधल्या टर्मिनलवर १४ दशलक्ष व्होल्टपर्यंत दाब देता येतो. वरून ऋण आयन सोडतात, ते धन टर्मिनलकडे ओढले जातात, तिथल्या पातळ पापुद्र्यातून जाताना इलेक्ट्रॉन गमावून स्वतः धन होतात आणि मग खाली ढकलले जातात. एकाच दाबाचा दोनदा फायदा. लिथियमचे तिन्ही इलेक्ट्रॉन गेले आणि टर्मिनल १० दशलक्ष व्होल्टवर असेल तर ऊर्जा ४० एमईव्ही. एक पट येताना, तीन पट जाताना. पुढे अतिवाहक लिनॅक (रेषीय त्वरक) आहे, तो ही ऊर्जा आणखी वाढवतो. दिल्लीचं आंतरविद्यापीठ त्वरक केंद्र आणि कोलकात्याचं परिवर्ती ऊर्जा सायक्लोट्रॉन केंद्र ही आपल्याकडची बाकीची दोन मोठी ठिकाणं. 'इंगा' हा गॅमा डिटेक्टरांचा मोठा संच या तीन ठिकाणी फिरत राहतो, आणि विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांनाही तो वापरता येतो. आपण छोट्या विद्यापीठातून आलो म्हणून मोठं यंत्र आपलं नाही, असं वाटून घेऊ नका. मी कोल्हापूरला एम.एस्सी. केली आणि माझ्या थिसिसचा डेटा कुलाब्याच्या बीम हॉलमध्ये जमा झाला.

बीम मागावा लागतो. प्रस्ताव लिहायचा, समितीसमोर मांडायचा, कोणत्या ऊर्जेवर किती शिफ्ट लागतील ते पटवून द्यायचं. मिळालेले दिवस ठरलेले असतात आणि यंत्र रात्रंदिवस चालतं, म्हणून आठ-आठ तासांच्या पाळ्या. तुमची पाळी गौरी-गणपतीत आली तर गणपतीतच करायची. मित्रमैत्रिणी अदलाबदल करून घेतात. ज्याच्या घरी गणपती असेल त्याला आधी सोडायचं, हा आमच्याकडचा अलिखित नियम होता.

पाळीत नेमकं काय करतात? इंगातला एक क्लोव्हर डिटेक्टर डोळ्यांसमोर आणा. एकाच वेष्टनात जर्मेनियमचे चार स्फटिक, भोवती बीजीओ या दुसऱ्या स्फटिकाचं कवच. गॅमा किरण जर्मेनियममध्ये थोडी ऊर्जा टाकून निसटला तर तो कवचात सापडतो आणि ती नोंद रद्द होते. एका पाकळीतून, म्हणजे स्फटिकातून, दुसऱ्या पाकळीत गेला तर दोघांची बेरीज करून तो परत मिळवता येतो. जर्मेनियम द्रव नायट्रोजनने उणे १९६ अंशांच्या आसपास थंड ठेवावं लागतं. नायट्रोजन वेळेवर भरला गेला ना, हे पाहणं कनिष्ठ विद्यार्थ्याकडे येतं. थर्मोकोलचे तुकडे, जाड हातमोजे, पाइपवर चढणारा पांढरा थर, आणि डेवार (नायट्रोजन साठवायचं भांडं) भरला की त्याच्या तोंडातून उसळणारा थेंबांचा फवारा: कोबाल्ट-६० च्या १३३२ केईव्हीच्या (केईव्ही म्हणजे एमईव्हीचा हजारावा भाग) पीकची रुंदी २ केईव्हीच्या आसपास टिकते ती या कामामुळे. ती रुंदी ३, मग ४ होऊ लागली तर कुठे तरी बिघडतं आहे. मोजणीच्या खोलीत बसल्यावर दर तासाला बीमचा प्रवाह, मॉनिटरचे दर, डेड टाइम (यंत्रणा गुंतलेली असल्याने नोंद न होणारा वेळ) आणि प्रत्येक डिटेक्टरचा दर लॉगबुकात लिहायचा. हाताने, वेळेसह. तीन वर्षांनी विश्लेषण करताना 'रन ४७ मध्ये दर का घसरला?' याचं उत्तर संगणकात नसतं. कुणीतरी पहाटे लिहिलेल्या 'टार्गेट बदललं, बीम पुन्हा जुळवला' या ओळीत असतं.

टार्गेटबद्दल पुस्तकं फार बोलत नाहीत. चौरस सेंटीमीटरला काही शे मायक्रोग्रॅम एवढे पातळ पापुद्रे बनवायचे, कधी रोलरखाली लाटून, कधी निर्वातात वाफ बसवून. ते चिमट्याने उचलून चौकटीवर चिकटवायला हात स्थिर लागतो आणि श्वास रोखावा लागतो. समस्थानिक समृद्ध असेल तर काही मिलिग्रॅमसाठीही बरेच पैसे मोजलेले असतात. टार्गेट लॅबमधल्या जाणत्या तंत्रज्ञांकडून मी जे शिकले ते कुठल्याही वर्गात मिळालं नसतं. नव्याने आलात तर त्यांच्याशी ओळख करून घ्या, त्यांच्या शेजारी उभं राहून हात कसा चालतो ते पाहा.

बीम हॉलमध्ये जाताना टीएलडी बॅज (अंगावर पडलेलं रेडिएशन मोजणारा बिल्ला) छातीवर असलाच पाहिजे, आणि दाराचा इंटरलॉक (सुरक्षेचं स्वयंचलित कुलूप) कोणत्याही घाईत ओलांडायचा नाही. यात तडजोड नाही, म्हणून जास्त लिहीत नाही.

न दिसणाऱ्या गोष्टींची शाखा

काही क्षय त्वरकाशिवाय शोधले जातात. तिथे नुसतं थांबायचं असतं. बिस्मथ-२०९ पूर्णपणे स्थिर आहे असं आपण शिकत होतो. २००३ मध्ये फ्रान्समधल्या गटाने दाखवलं की तेही अल्फा टाकतं, अर्धायुष्य सुमारे १.९ गुणिले १० चा १९ वा घात वर्षं. विश्वाच्या वयाच्या एक अब्जपटीहूनही अधिक. २०१९ मध्ये इटलीतल्या ग्रान सासो डोंगराखाली झेनॉन-१२४ चा एक क्षय थेट दिसला, त्याचं अर्धायुष्य याच्याही सुमारे हजारपट.

आणि ज्याच्यामागे सगळं जग लागलं आहे तो न्यूट्रिनोविरहित दुहेरी बीटा क्षय: एकाच वेळी दोन बीटा बाहेर पडतात, पण न्यूट्रिनो एकही नाही. तो दिसला तर न्यूट्रिनो आणि प्रतिन्यूट्रिनो एकच आहेत, असं ठरेल. अजून दिसलेला नाही. आपल्याकडे टीआयएफआरच्या पुढाकाराने कथील-१२४ वर 'टिन-टिन' हा प्रकल्प हाती घेतला गेला. कथलाचाच स्फटिक अतिशीत करून त्याचाच उष्णतामापक बनवायचा, ही त्यातली कल्पना.

इथे एक हिशेब करू या. एक किलो शुद्ध कथील-१२४ मध्ये सुमारे ४.९ गुणिले १० चा २४ वा घात अणू असतात. अर्धायुष्य १० चा २६ वा घात वर्षं धरलं, तर वर्षाला ०.०३४ क्षय. म्हणजे एका किलोत साधारण तीस वर्षांत एक. टनभर घेतलं तर वर्षाला चौतीसेक. आणि नैसर्गिक कथलात हा समस्थानिक ६ टक्क्यांहूनही कमी. आता त्याच डिटेक्टरवर खोलीतल्या भिंतींतून, सिमेंटमधून, तुमच्या स्वतःच्या शरीरातल्या पोटॅशियममधून दर सेकंदाला किती किरण येत असतील ते डोळ्यांसमोर आणा. कथील-१२४ चा संकेत सुमारे २२९३ केईव्हीवर अपेक्षित आहे. थोरियमच्या मालिकेतल्या थॅलियम-२०८ चा गॅमा २६१५ केईव्हीचा. तो वर असल्यामुळे त्याचे अर्धवट सांडलेले काउंट्स नेमके आपल्या खिडकीत, म्हणजे आपण पाहतो त्या ऊर्जेच्या पट्ट्यात, येऊन पडतात. म्हणून मोलाची ठरते ती वस्तूंची निवड: कुठलं तांबं, कुठलं शिसं, कुठला स्क्रू. नव्या शिशात शिसे-२१० असतं, अर्धायुष्य २२ वर्षं. म्हणून ग्रान सासोत बुडालेल्या रोमन जहाजातलं दोन हजार वर्षांपूर्वीचं शिसं वापरलं. मुंबईत, समुद्रसपाटीवर, अशा वस्तू तपासण्यासाठी टीआयएफआरमध्ये 'टाइल्स' नावाची मांडणी उभी केली: एक जर्मेनियम डिटेक्टर, भोवती तांबं आणि शिसं, आणि आतली रेडॉनची हवा हाकलायला नायट्रोजनचा झोत. तिच्यावर झिर्कोनियम-९४ चा दुहेरी बीटा क्षयही शोधून पाहिला. दिसला नाही, आणि अर्धायुष्य १० चा १९ वा घात वर्षं या पातळीच्या वर असलं पाहिजे अशी मर्यादा घातली गेली.

जमिनीखाली गेल्याशिवाय वैश्विक किरणांपासून सुटका नाही. तमिळनाडूत थेनीजवळ योजलेली मोठी भूमिगत प्रयोगशाळा अजून उभी राहिलेली नाही, याची खंत या क्षेत्रातल्या प्रत्येकाला आहे, मलाही आहे. झारखंडमध्ये जादुगोड्याच्या युरेनियम खाणीत ५५५ मीटर खोलीवर लहान प्रयोगशाळा मात्र आहे.

घरी हे समजावणं अवघड जातं. माझी आई फोनवर दर वेळी विचारायची, "काय गं, सापडलं का?" मी म्हणायचे, "नाही आई, पण आता कुठपर्यंत नाही हे सांगता येतं." हळूहळू तिनेच नातेवाइकांना सांगायला सुरुवात केली की आमची मुलगी एखादी गोष्ट इथवर नाही हे सिद्ध करते. वरची मर्यादा किंवा खालची मर्यादा हा खरा निकाल आहे. सिद्धान्तवाल्यांची कितीतरी प्रारूपं अशा मर्यादांनी बाद होतात. तुमच्या थिसिसमध्ये एकही नवी पीक नसली तरी तो पूर्ण थिसिस असतो, हे मनाशी पक्कं करून या.

तयारी आणि प्रवेश

एम.एस्सी.त असताना करण्यासारखं एक काम सांगते, कारण ते कुठल्याही महाविद्यालयात करता येतं. प्रयोगशाळेत सोडियम आयोडाइडचा डिटेक्टर आणि सीझियम-१३७ असतोच. ६६२ केईव्हीची पीक, ४७७ वरची कॉम्प्टनची कडा आणि १८४ च्या आसपासचा मागे वळून आलेला उंचवटा हे सगळे करतात आणि जर्नल लिहून मोकळे होतात. तुम्ही सरांना विचारून स्रोत काढून ठेवा आणि डिटेक्टर रात्रभर तसाच चालू राहू द्या. सकाळी १४६१ केईव्हीवर पोटॅशियम-४० उभं राहिलेलं दिसेल, पुढे २६१५ वर थॅलियमही. मग डिटेक्टरभोवती शिशाच्या विटा रचून पुन्हा एक रात्र. कोणती पीक किती घटली, कोणती घटली नाही आणि का, हे दोन पानांत लिहा. मुलाखतीत 'तुम्ही स्वतः काय केलं आहे?' असं विचारलं की ही दोन पानं पुढे ठेवता येतात.

संख्याशास्त्र टाळू नका. काउंट्स एन असतील तर चूक एनच्या वर्गमुळाएवढी, हे सगळ्यांना येतं. पण शून्य काउंट्स आले आणि बॅकग्राउंड तीन अपेक्षित होतं तर काय म्हणायचं, हे फार थोड्यांना येतं. दुर्मीळ घटनांच्या कामात हाच प्रश्न रोजचा आहे. प्रोग्रामिंगमध्ये सी++ आणि पायथन, त्यावर रूट (डेटाच्या विश्लेषणासाठी) आणि जिआंट-४ (कणांच्या प्रवासाच्या सिम्युलेशनसाठी). दोन्ही मोफत मिळतात. लॅम्प्स हे आपल्याकडेच विकसित झालेलं डेटा गोळा करण्याचं सॉफ्टवेअर तुम्हाला पेलेट्रॉनवर भेटेल. पातळ्यांच्या आणि गॅमा ऊर्जांच्या माहितीसाठी ब्रुकहेवनच्या केंद्राचं संकेतस्थळ सगळं जग उघडतं, ते आतापासून वापरायला लागा. इलेक्ट्रॉनिक्समध्ये प्रीअँप्लिफायरपासून कोइन्सिडन्सपर्यंतचा (एकाच वेळी आलेले सिग्नल जुळवण्यापर्यंतचा) सिग्नलचा प्रवास ऑसिलोस्कोपवर स्वतः पाहिलेला असावा.

प्रवेशाच्या वाटा अनेक आहेत. टीआयएफआरची स्वतःची परीक्षा आहे. जेस्ट, गेट आणि सीएसआयआर-नेट यांच्या गुणांवर बाकीच्या संस्था बोलावतात. बीएआरसीच्या प्रशिक्षण विद्यालयात एक वर्षाचं प्रशिक्षण घेऊन वैज्ञानिक अधिकारी व्हायचं आणि नोकरीत राहून होमी भाभा राष्ट्रीय संस्थेतून पीएच.डी. करायची, हीसुद्धा चांगली वाट आहे; घरची जबाबदारी असलेल्यांनी तिचा गंभीरपणे विचार करावा. बारावीनंतरच ठरलं असेल तर नेस्ट परीक्षा देऊन मुंबई विद्यापीठाच्या कालिना आवारातल्या मूलभूत विज्ञान केंद्रात जाता येतं, पुण्यात आयसर आहे. शिकत असताना उन्हाळ्यात टीआयएफआर आणि दिल्लीचं त्वरक केंद्र विद्यार्थ्यांना बोलावतात. त्याला अर्ज कराच. दोन महिन्यांत तुम्हाला कळतं की रात्री तीन वाजता, बीम येत नसताना, तुम्ही त्या खोलीत आनंदाने बसू शकता का.

मुलाखतीत अवघड सिद्धान्तापेक्षा साध्या गोष्टी खोलात विचारतात. एक अब्ज वर्षांचं अर्धायुष्य माणूस कसं मोजतो? अल्फाची ऊर्जा ठरावीक आणि बीटाची पसरलेली का? न्यूट्रॉन डिटेक्टरमध्ये हायड्रोजन का हवा? माहीत नसेल तर तसं सांगून विचार मोठ्याने करावा. समोरचे तुम्ही कसा विचार करता हेच पाहायला बसलेले असतात. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना इंग्रजीची धास्ती असते. फळ्यापाशी जा, आकृती काढा, समीकरण लिहा. मी पाहिलेल्या मुलाखतींत चांगल्या आकृतीने अडखळत्या इंग्रजीला नेहमी सांभाळून घेतलं आहे.

गाइड निवडताना गटातल्या सध्याच्या विद्यार्थ्यांशी एकांतात बोला. तीन गोष्टी विचारा: शेवटचा बीम टाइम कधी झाला, कुणाचा थिसिस किती वर्षांत झाला, आणि निबंधावर पहिलं नाव कुणाचं असतं. पाच-सहा वर्षं लागतात हे धरून चला. यंत्र बंद राहिलं तर आणखी. शिष्यवृत्ती त्याआधी संपू शकते, याची तजवीज पहिल्या वर्षापासून डोक्यात असावी.

पुढचं चित्र स्वच्छ शब्दांत सांगायला हवं. पीएच.डी.नंतर बहुतेक जण परदेशात पोस्टडॉक करतात: जर्मनीत जीएसआय, सर्नमध्ये आयसोल्ड, जपानमध्ये रिकेन, कॅनडात ट्रायम्फ, अमेरिकेत २०२२ मध्ये सुरू झालेलं फ्रिब. भारतात परतल्यावर कायमच्या जागा थोड्या आणि वाट पाहणारे जास्त. पण हात आणि डोकं रिकामं राहत नाही. वैद्यकीय भौतिकीसाठी बीएआरसीशी संलग्न असा विकिरण भौतिकीचा पदविका अभ्यासक्रम आहे, आणि रेडिओथेरपी देणाऱ्या प्रत्येक रुग्णालयाला असा माणूस लागतो. डिटेक्टर, रेडिएशन सुरक्षा, डेटाचं विश्लेषण या क्षेत्रांत आमच्या बरोबरीचे कितीतरी जण चांगलं काम करत आहेत.

दर वर्षी डिसेंबरमध्ये अणुऊर्जा विभागाची केंद्रकभौतिकीवरची परिषद असते, दर वेळी वेगळ्या शहरात. एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असाल आणि ती जवळपास असेल तर जाऊन या. पोस्टरच्या दालनात विद्यार्थी आपापल्या आलेखापाशी उभे असतात, त्यांना कुणी विचारायला आलं की आनंद होतो. 'या पीकच्या शेजारी हा लहान उंचवटा कसला?' एवढं विचारून बघा. उत्तर देताना ज्याचे डोळे चमकतात, त्याच्या गटाचं नाव वहीत लिहून घ्या आणि घरी आल्यावर त्यांच्या गटप्रमुखांना ईमेल करा: चार ओळी, तुम्ही त्यांचा कोणता निबंध वाचला, त्यात काय कळलं नाही, आणि उन्हाळ्यात येऊ का.